पाठमोरे बाबा

माझा धाकटा भाऊ मुंबईत जाहिरातींच्या धंद्यात आहे, म्हणजे दिसायला बरं तेच खरं मानणाऱ्यांत. मी इथे मालवणात वीस वर्षं लग्नांचं शूटिंग करतो. आमचे बाबा मासेमारीला गेले ते परत आले नाहीत. होडी मिळाली, ते मिळाले नाहीत. त्याला वर्ष होत आलं तेव्हा भाऊ घरी आला तो फिल्म घेऊनच. बाबांचे तीन जुने फोटो एआयला घातले आणि बाबा दर्यावर निघाल्याची दोन मिनिटांची फिल्म काढली. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना दाखवायची म्हणे.

पडवीत त्याने ती लॅपटॉपवर लावली. कॅमेरा आधी आभाळात, मग बाबांभोवती गरागरा फिरला. शेवटी बाबा होडीतून किनाऱ्याकडे वळले, चेहरा जवळ आला, आणि ते हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओले हात पदराला पुसले आणि ती आत गेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घरात दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत, 'खंय चललस' विचारत नाहीत, आणि जाणाराही वळून बघत नाही. आईने जन्मभर बाबांची पाठ पाहिली. त्याच घरात वाढलेल्याला हे मी सांगायचं?

"कॅमेरो म्हणजे कोणाचो तरी डोळो," मी म्हणालो. "ह्यो कोणाचो? घारीचो?"

"बरां दिसता म्हणान घेतलंय," तो म्हणाला. "तुका लग्नाच्या पंगती सोडून काय कळता रे?"

मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. आईच्या काळजाला डाग दिलास, म्हणालो. ही फिल्म पुन्हा लागली तर या घरात पाऊल ठेवू नकोस, म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. ती फिल्म मी त्याला माझ्या डोळ्यांसमोर पुसायला लावली, सगळ्या तुकड्यांसकट.

मग त्याने दातओठ खात मी सांगितली तशी दुसरी केली. कॅमेरा किनाऱ्याच्या पुळणीवर, आईच्या उंचीला, एका जागी. बाबा पाठमोरे. होडी ढकलतात, चढतात, लहान होत जातात. वळत नाहीत. ही खरी होती, हे मी आजही भांडून सांगेन.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी ती आईला दाखवली. तिने शेवटपर्यंत बघितली.

"ह्यां माका म्हायत आसा," ती म्हणाली. "ह्यां मी रोज बघतंय. ते वळतत, तां दाखय."

भावाने तिथेच बसून पुन्हा तेच फोटो घातले, तेच शब्द लिहिले. चार वेळा केलं. चारही वेळा होडीतून कोणीतरी वेगळाच माणूस वळला आणि हसला. दर वेळी आई मान हलवून म्हणाली, "हे ते न्हय."

मग तिने विचारलं, "पयली खंय गेली?"

भाऊ लॅपटॉपकडे बघत राहिला. तो माझं नाव घेईल म्हणून मी वाट बघितली, पण त्याने ते घेतलं नाही. त्याचा तो चांगुलपणा मला शिवीपेक्षा जास्त लागला.

"मिया पुसूक लावलंय," मी म्हणालो.