खांद्यापाशी थांबणाऱ्या बाई

दाईसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रसूतिगृहात नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी एका बड्या डॉक्टरला "आधी हात धुऊन या, मग मला शिकवा" असं सुनावलं होतं. डॉक्टर मुकाट्यानं हात धुवायला गेले, पण जाता जाता "बरं, दाईसाहेब" असं टोचून म्हणाले. डॉक्टर पुढे बदलून गेले, टोमण्याची धारही गेली, नाव तेवढं चिकटलं. एकेचाळीस वर्षं त्यांनी त्याच नावावर नोकरी केली आणि त्याच नावानं निवृत्त झाल्या.

एवढ्या वर्षांत त्यांनी इतकी पोरं या जगात आणली, की बाजारात गेल्या तर समोरून येणाऱ्या निम्म्या माणसांना त्यांनी उघडंनागडं पाहिलेलं असायचं. त्यामुळे कुणाचा रुबाब त्यांच्यापुढे फारसा चालत नसे. बाळ पहिल्यांदा हातात आलं की प्रत्येक आई "माझा राजा गं" म्हणते. असे हजारो राजे दाईसाहेबांनी आंघोळ घालून, गुंडाळून, पाळण्यात ठेवले होते. पुढे त्यातला एक नळ दुरुस्त करू लागला, एक नगरसेवक झाला, दोघे तुरुंगात गेले, आणि त्या दोघांतला एक म्हणजे तो नगरसेवकच.

अशी ही बाई दरवर्षी चर्चमध्ये ख्रिस्तजन्माच्या उपासनेत उठून उभी राहायची आणि राजा जन्माला येणार हे भविष्य वाचायची. छत्तीस वर्षं एकच उतारा, एकच चष्मा, फक्त काचा बदललेल्या.

बायबलातल्या त्या जुन्या इब्री संदेष्ट्यांबद्दल दाईसाहेबांचं मत काही फार बरं नव्हतं. राजा येणार, दावीद राजाच्या घराण्यात येणार, त्याच्या राज्याला अंत नसणार, हे सगळं त्यांनी ख्रिस्ताच्या शेकडो वर्षं आधी घसा ताणून सांगितलं. पण बाळंतीण कुठे झोपणार, पाणी कोण तापवणार, याचा एकालाही पत्ता नाही. ते सगळं बोलणं येशूलाच लागू आहे, ही चर्चच्या मंडळीची श्रद्धा होती. दाईसाहेबांचीही होती. त्यांच्या तक्रारी फक्त तपशिलाबद्दल होत्या.

"कुमारीला दिवस जातील म्हणे," त्या म्हणायच्या. "हे मी नोंदणीच्या टेबलावर किती जणींकडून ऐकलंय. एकदा खरं निघालं, एवढंच."

पुढे यशया संदेष्ट्याच्याच पुस्तकात कुठेतरी कळा यायच्या आत बाळ बाहेर आल्याचं लिहिलं आहे. तिथे तर त्या फणकारायच्या. "यशयाला चांगली बायको होती घरात. लिहिण्याआधी तिला विचारायला काय झालं होतं?" मीखा हा दुसरा संदेष्टा मात्र त्यांच्या मर्जीतला. त्यानं बेथलेहेमसारखं कोपऱ्यातलं गाव निवडलं म्हणून नव्हे. राजा यायच्या आधी कुणीतरी बाई वेणा देणार आहे आणि तोवर सगळ्यांनी थांबायचं आहे, एवढं तरी त्याला सुचलं होतं म्हणून.

पण वाचायला त्यांनी मागून घेतलेला उतारा यशयाचाच. आपल्यासाठी एक मूल जन्माला आलंय, मुलगा दिलाय आपल्याला, राज्याचा भार त्याच्या खांद्यावर राहील, असा. वाचता वाचता 'खांद्यावर' हा शब्द आला की दाईसाहेब थांबायच्या. चांगल्या सात-आठ सेकंद थांबायच्या. मग खाली न बघता पुढे जायच्या.

याची कारणं मंडळीत ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीप्रमाणे शोधली होती. म्हाताऱ्यांच्या मते ती भक्ती होती. गायकवृंदाच्या प्रमुखाच्या मते कवळी. मागच्या बाकांवरची मंडळी दरवर्षी बोटांवर मोजायची, आणि नऊच्या वर गेलं तर पुढचं वर्ष चांगलं जातं असाही एक समज तिथे रुजला होता.

चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले आणि त्यांनी या कारभारात लक्ष घातलं. माणूस वाईट नव्हता, फक्त तरुण होता, आणि आपल्या हातून काहीतरी सुधारलं पाहिजे अशी त्याला घाई होती. त्यांनी सात भविष्यांचे सात उतारे आणि सात वाचणारे असा तक्ता केला. आदल्या वर्षीची उपासना ध्वनिमुद्रित करून परगावच्या लोकांना पाठवली होती. त्यातल्या तिघांनी "मध्येच बंद पडतंय" म्हणून ती परत केली होती.

"तुम्ही खूप वर्षं केलंत, बाई," पाळक दाईसाहेबांच्या घरी येऊन, चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले. "आता हा उतारा तुमच्या मुलाला देऊ या का? आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे."

ओळखीचा म्हणजे काय, रोजचाच. दाईसाहेबांचा मुलगा बस स्थानकावर उद्घोषक होता. काचेच्या खोलीत बसून तो डाव्या हातानं बटण दाबायचा आणि गाड्या यायची बातमी द्यायचा. उजवा हात जन्मापासून लुळा. तो कोटाच्या खिशात घातलेला असायचा, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं, माणूस निवांत आहे.

"त्याला दुसरं काहीतरी द्या," दाईसाहेब म्हणाल्या. "गाढवावर बसून येणारा राजा द्या त्याला."

"गाढव आधीच मंडळीच्या सचिवांना दिलंय," पाळक गंभीरपणे म्हणाले.

मुलानं मात्र आनंदानं होकार दिला. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं दोन वेळा खणखणीत वाचून दाखवलं. "आई, तुझे हे संदेष्टे माझ्याच खात्यातले गं," तो म्हणाला. "गाडी कुठे दिसत नसते. वरून निरोप आलेला असतो. आपण सांगायचं, येतेय, येतेय. शिव्या आपण खायच्या, आणि गाडी खरंच येते तेव्हा आपली पाळी संपलेली असते."

एरवी दाईसाहेब हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा घासली.

त्यांना भीती वाटत होती. आयुष्यात त्या फार थोड्या गोष्टींना भ्यायल्या होत्या, म्हणून ही भीती त्यांना नीट ओळखताही येईना. खांद्यापाशी त्या का थांबतात, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आता त्या शब्दापाशी मुलगा उभा राहणार, तो लुळा हात घेऊन, सगळ्या मंडळीदेखत. आणि त्याला काही माहीत नसणार. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

गोष्ट अशी होती. प्रसूतिगृहात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला दाईसाहेब पहिल्या दिवशी एकच धडा द्यायच्या. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला, तर ओढायचं नाही. बाईचे गुडघे पोटाशी घ्या, वरून दाब द्या, मनात मोजा, पण ओढू नका. ओढलंत तर मानेतली शीर तुटते आणि पोराचा हात जन्मभरासाठी जातो. हा धडा त्या इतक्या वेळा आणि इतक्या दरडावून द्यायच्या, की मुली त्यांच्या पाठीमागे नकला करायच्या.

मग त्यांची स्वतःची वेळ आली. उशिरा राहिलेलं पहिलं मूल, वजनानं चांगलं भरलेलं. तीच खोली, तोच पलंग. हाताशी शिकाऊ मुलगी, डॉक्टर वाटेत. डोकं आलं आणि खांदा अडला. ती पोरगी शिकवल्याप्रमाणे गुडघे वर घेत होती, मोजत होती, सगळं बरोबर करत होती. आणि पलंगावरच्या दाईसाहेब ओरडल्या, "ओढ. ओढ म्हणते ना." पोरगी म्हणाली, "बाई, तुम्हीच तर..." दाईसाहेबांनी तिला अशी काही शिवी हासडली की तिनं ओढलं. वरिष्ठांचा हुकूम, बिचारी काय करणार? मूल आलं, रडलं, माझा राजा झालं. उजवा हात तेवढा हलला नाही.

नवऱ्याला त्यांनी सांगितलं, जन्मतःच असा आहे. नवरा तेच खरं मानून पुढे वारला. मुलालाही तेच सांगितलं. आणि पुढच्याच वर्षी जुन्या पाळकांकडे जाऊन तो उतारा मागून घेतला. तेव्हापासून दरवर्षी सगळ्यांसमोर त्या खांद्यापाशी थांबत होत्या, त्या पोरीनं थांबायला हवं होतं तेवढा वेळ. देवाला कळत असेल, एवढ्यावर त्यांनी छत्तीस वर्षं भागवली होती. देवाला कळून मुलाचं काय भलं होणार होतं, हा विचार त्यांनी सोयीनं टाळला होता.

उपासना रविवारी होती. गुरुवारी सकाळी दाईसाहेब बस स्थानकावर गेल्या आणि उद्घोषणेच्या खोलीत शिरून दार लावून घेतलं. आत एक टेबल, एक मायक्रोफोन, वेळापत्रकाचा तक्ता आणि बसायला दुसरी खुर्चीच नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"कृपया लक्ष द्या," मुलगा बटण दाबून बोलत होता. "साडेनऊची गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक चारवर येत आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्यानं बटण सोडलं. "दिवसातून तीस वेळा दिलगीर असतो मी. बारा वर्षांत एकही प्रवासी 'असू दे' म्हणाला नाही. तू इकडे कशी?"

दाईसाहेबांनी सांगितलं. एखाद्या रुग्णाचा अहवाल द्यावा तसं सांगितलं, वेळ, वजन, डोकं, खांदा, आणि शेवटी, "ती ओढत नव्हती. मी ओढायला लावलं." रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. क्षमा हा शब्द त्यांच्या तोंडून आयुष्यात निघाला नव्हता, तो आयत्या वेळी कुठून निघणार?

मुलानं वेळापत्रकाचा तक्ता सरळ केला.

"मग?" तो म्हणाला.

"मग काही नाही. वाचायच्या आधी तुला माहीत असावं."

त्यानं बटण दाबलं आणि दहाची गाडी फलाट दोनवर येत असल्याचं जाहीर केलं. ती सहावर येणार होती. खिडकीबाहेर पन्नास-साठ माणसं ट्रंका उचलून चुकीच्या दिशेनं धावत सुटली. बारा वर्षांतली त्याची ही पहिली चूक. ती दुरुस्त करायचीही त्याला शुद्ध नव्हती. दाईसाहेबांनीच तक्त्यावर बोट ठेवून "सहा" असं म्हटलं, आणि बाहेर पडल्या.

पुढचे तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे, दार लाव, दिवा घालव. उतारा मोठ्यानं वाचणं बंद झालं. रविवारी दाईसाहेब उठल्या तेव्हा मुलगा घरात नव्हता. पाळीवर गेला असेल तर संपलंच, असं मनाशी म्हणत त्या चर्चमध्ये जाऊन तिसऱ्या बाकावर बसल्या.

कुमारीचा उतारा झाला. दावीदाच्या बापाच्या, इशायाच्या बुंध्याला फुटलेल्या कोंबाचा झाला. बेथलेहेम झालं. सचिवांचं गाढवही, अडखळत का होईना, वेशीतून आत आलं. आता दाईसाहेबांचा उतारा. पाळकांनी तक्त्यात पाहिलं आणि मान वर केली. मागच्या दारातून मुलगा स्थानकावरच्या कोटातच आत आला आणि सरळ पुढे जाऊन उभा राहिला.

त्यानं डाव्या हातानं उजवा हात खिशातून बाहेर काढला. पान उडू नये म्हणून वजन ठेवावं तसा तो उघड्या पानावर ठेवला. असा चारचौघांत तो हात त्यानं कधी बाहेर काढला नव्हता. मग तो वाचू लागला, गाड्यांचं सांगायचा त्याच आवाजात, सावकाश आणि स्वच्छ. मूल जन्मलं. मुलगा दिला गेला. दाईसाहेबांनी समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मागच्या बाकांवरच्या लोकांनी बोटं तयार ठेवली होती.

राज्याचा भार त्याच्या खांद्यावर राहील, असं तो म्हणाला आणि न थांबता पुढे गेला. मागचे लोक दोनवर असतानाच राजाची ती मोठमोठी नावं सुरू झाली. कुणीतरी चुकचुकलं. पाळकांचा चेहरा खुलला, आपण केलेला बदल कामी आल्याचा त्यांना धन्य आनंद झाला. दाईसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. नकला करणाऱ्या त्या सगळ्या मुलींनी आता खुशाल पाहावं, असं त्यांना वाटलं.

उपासना संपल्यावर तो बाहेर पायरीवर उभा होता. कोटाचं वरचं बटण त्याला एका हातानं लावता यायचं नाही, ते लहानपणापासून दाईसाहेबच लावायच्या. तीन दिवस ते उघडंच होतं. त्या पुढे झाल्या. त्यानं मान वर केली.

"वाचताना कुठे अडकलं नाही ना, आई?" त्यानं विचारलं.

"नाही."

बटण लावून झालं तरी त्यांचे हात कॉलरवरच होते.

"छत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यानं घाई केली नाही. "झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे."



"असू दे," तो म्हणाला.