एक जोडी, दुसरा तोडी

सर्बियात मोरावा नदीकाठच्या आमच्या दवाखान्यात स्तोयांका एकोणीस वर्षं नोंदणीच्या खिडकीमागे बसते आहे. सरकारी कागद सिरिलिक लिपीत हवेत, आणि नर्सबायांची बोटं धावतात लॅटिनवर. या रडगाण्याला कंटाळून तिने पन्नाशीत पायथन ही संगणकाची भाषा शिकून एक प्रोग्राम लिहिला. तो एक्सेलला कान लावून बसायचा. तक्त्यात कुठे काही बदललं की एक्सेल त्याला हाक मारायचं आणि हा तो मजकूर सिरिलिक करून टाकायचा. कुणी चुकून तक्ता मिटायला गेलं, तर तीही हाक ऐकून तो मिटूच द्यायचा नाही. सगळ्यांनी वाहवा केली, आणि तिथेच बाई अडकली. कारण प्रोग्राम चालायचा तिच्याच संगणकावर, आणि बिघडला तर कळायचा तिलाच.

तिची एकुलती मुलगी इस्क्रा दूर नोवी साद शहरात असते. सातवा महिना लागलाय, नवरा जर्मनीत ट्रक चालवतो, घरात दुसरं माणूस नाही. तिथल्या दवाखान्याने स्तोयांकाला नोकरी देऊ केली होती, पण होकार शुक्रवारपर्यंतच हवा होता. इथून सोडल्याची सही तेवढी डॉक्टर ग्वोझ्देनची हवी होती. हा आमचा संचालक, गोड बोलून माणसाला कोपऱ्यात गाठणारा.

"स्तोयांकाबाई, तुम्ही हात न लावता एक अख्खी पाळी हे चालू दे," तो म्हणाला. "त्याच दिवशी सही."

सोमवारी ती मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन बसली. तासाभरात मिलुंका नर्स दारात हजर.

"अगं ए, चल लवकर! तुझं लेकरू पिसाळलंय!"

पडद्यावर एकच चौकट थरथरत होती. लॅटिनमधले न आणि य शेजारी आले की सिरिलिकमध्ये त्यांचं बहुतेकदा एकच अक्षर होतं. इंजेक्शनच्या आमच्या शब्दात मात्र ते दोघं सुटेच राहतात. म्हणून स्तोयांकाने दोन नियम घातले होते: पहिला अक्षरं जोडायचा, दुसरा इंजेक्शनपुरती ती तोडायचा. पण प्रोग्रामने स्वतः केलेला बदलही बदलच. एक्सेल पुन्हा हाक मारायचं, पहिला जोडायचा. पुन्हा हाक, दुसरा तोडायचा. रांगेत चाळीस माणसं, आणि तक्ता मिटायलाही तयार नाही. कारण मिटू द्यायचं नाही हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

"माझ्या नवऱ्यासारखाच आहे गं," मिलुंका म्हणाली. "आपणच बोलतो आणि आपणच भडकतो."

स्तोयांकाला हसू आलं नाही. तिने सरळ संगणकच बंद केला. तिला रडायला येत होतं.

पुढचे दोन दिवस ती त्यावरच बसली. उपाय सापडला तो एवढासा: आपण लिहायच्या आधी एक्सेलला गप्प करायचं, लिहून झालं की पुन्हा बोलू द्यायचं. मध्येच काही चुकलं तरी ते गप्प राहू नये, याचीही सोय तिने केली.

गुरुवारी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत दोनशे अकरा नोंदी झाल्या. एकदाही तिला कुणी बोलावलं नाही. केस नीट करून ती संचालकाच्या खोलीत गेली.

"चाललं, डॉक्टर. अख्खी पाळी."

"बघितलं ना मी! कमाल केलीत!" ग्वोझ्देनने उठून तिचे दोन्ही हात धरले. "आता तर तुम्हाला सोडणं शक्यच नाही. असं माणूस मी कुठून आणू? जिल्ह्यातले सगळे दवाखाने हेच मागणार बघा."

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता ना. तेव्हा मला कुठे माहीत होतं तुम्ही एवढ्या हुशार आहात ते?"

तिचा अर्ज त्याने खणात ठेवला आणि तिच्यासाठी कॉफी मागवली. स्तोयांका ती प्यायलीही. याचा राग तिला नंतर फार आला, पण त्या वेळी नाही कसं म्हणायचं तेच सुचलं नाही.

पायऱ्या उतरताना इस्क्राचा फोन आला.

"आई, काय झालं? चालला का गं?"

स्तोयांका कठडा धरून उभी राहिली. चालला, तरी सही न घेता कॉफी पिऊन आलो, हे लेकीला सांगायची तिला लाज वाटली.

"नाही गं," ती म्हणाली. "बंद पडला."

"असू दे. रडू नकोस," इस्क्रा म्हणाली. "तू करशील दुरुस्त. मी थांबते ना."