एकशे तीस मीटर वायव्येला

नकाशे जुळवणं हे माझं पोटापाण्याचं काम. चिंचवडच्या ऑफिसात बसून मी जुन्या कागदी नकाशांवरच्या जागा आजच्या वेब नकाशावर आणतो. जुने नकाशे करताना पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरला होता. त्यामुळे त्यातले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले की खूण सरकते. आधी आकडे बदलून घ्यावे लागतात. एकवीस वर्षं मी हे नव्या माणसांना शिकवत आलो.

आमचं शेत चऱ्होलीला होतं. माझ्या आधीची बहीण सव्वा महिन्याची असताना गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. वडिलांनी तिला विहिरीच्या पूर्वेला अकरा पावलांवर ठेवलं. पुढे शेत विकलं, विहीर बुजली, सोसायटी उभी राहिली. वडीलही गेले. दोन वर्षांपूर्वी आईनं एकदाच विचारलं, "तिच्या अंगावर कुणी बिल्डिंग तर न्हाई ना रं बांधली?"

जुन्या सरकारी नकाशावर आमची विहीर दाखवलेली होती. रविवारी जेवणाआधी मी तिचे आकडे काढून मोबाइलवर टाकले. खूण सोसायटीच्या बागेत पडली. इतकं बरं वाटलं की पुढे काही तपासलंच नाही.

आईला घेऊन गेलो. खुणेपासून पूर्वेला अकरा पावलं मोजली आणि जास्वंदीपाशी थांबलो.

"हितंच?"

"हितंच, आई."

"माप बरोबर हाय ना? तुझा बाप समदं अंदाजानं सांगायचा."

"हे माझं माप आहे."

ती खाली बसली. मातीवरून हात फिरवत म्हणाली, "बाई, लई दिस लावले मी." मग माझ्याकडे बघून हसली. "हिला झाड तरी मिळालं बघ. आमाला चौथा मजला."

त्यानंतर दर महिन्याला आम्ही जायचो.

वर्षभरानं ऑफिसात चाकणच्या एका कारखान्याची हद्द शेजारच्या शेडवर चढलेली दिसली. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "राव, जुनेच आकडे ढकललेत की कुणीतरी! पहिल्या दिवशीची चूक." मी हसलो, आणि हसताना बाग आठवली.

विहिरीचे आकडे बदलून पाहिले. खूण वायव्येला सरकली, साधारण एकशे तीस मीटर. तिथून पूर्वेला अकरा पावलांवर दुसऱ्या इमारतीच्या पार्किंगचा काँक्रीटचा उतार आहे.

कारखान्याची हद्द त्याच दिवशी दुरुस्त केली. आईला मात्र सांगितलं नाही. ती जास्वंदीशी बोलायची तेव्हा मी तिची पिशवी धरून जरा लांब उभा राहायचो.

यंदा आई गेली. जायच्या आधी म्हणाली होती, "राख इंद्रायणीत सोड, पण चिमूटभर तिच्याजवळ टाक."

पुडी घेऊन मी आधी उताराकडे गेलो. काँक्रीटला कुठे फटही नव्हती. वाकून बघत होतो, तेवढ्यात वॉचमन ओरडला, "काका, बाजूला व्हा, गाडी येतीय!" बाजूला झालो. गाडी खाली गेली, तिच्यामागून आणखी एक.

मग बागेत आलो आणि जास्वंदीच्या आळ्यात पुडी सोडली. वरून थोडं पाणी घातलं.

मोबाइलमधली खूण मी हलवलेली नाही. निघताना मात्र जास्वंदीपासून उतारापर्यंत पावलं मोजली. इमारतीला वळसा धरून दोनशे चौदा भरली.