आईनं सोडलेलं दूध

परवा आईला चिखलीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. काही पडली-झडली नव्हती. अर्धी बादली पाणी उचललं आणि पाठ धरून खालीच बसली... एक्स-रेत मणका दबलेला निघाला.

डॉक्टरीण तरुण होती. आईला विचारायला लागली, पाळी कधी गेली, उंची कमी झाली का, दूध-दही किती घेता. आई म्हणाली, "दूध सोडेल हाय." डॉक्टरीण समजली, आवडत नसेल.

ते काय प्रकरण आहे, हे मी सांगितलं. तुम्हालाही सांगते...

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. मी पहिली-दुसरीत असेन. अमडापूरला आमचं शेतकऱ्याचं घर, गोठ्यात दोन म्हशी. पण दूध विरजणाला जायचं, लोणी-तूप पुरुषांच्या ताटात आणि बायकांच्या वाट्याला उरलं तर ताक. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आईनं घर सारवलं. दुपारी आजी उंबऱ्यापाशी पडली आणि तिचा खुबा मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण आजी खाटेवरून काही उठली नाही. दिवाळीच्या आत गेली.

नांदुऱ्याहून मोठी आत्या आली होती. आल्या आल्या, भरल्या घरात म्हणाली, "वलं सारोन ठेवलं न् सांगतलं नाई. माह्या मायले हिनंच पाडलं."

बाबा उठून गोठ्यात गेले. आईची बाजू कुणीच घेतली नाही...

आमच्याकडे हातून पाप घडलं की माणूस एखादी खायची वस्तू जन्मभरासाठी सोडतो. कुणी गूळ सोडतं, कुणी वांगं. तेरवीच्या दिवशी आईनं सगळ्यांसमोर दूध सोडलं. दूध, दही, ताक, सगळंच. जमलेल्यांना बरं वाटलं. सुनेला चूक कळली म्हणाले आणि जेवायला बसले.

त्यानंतर माझे दोन भाऊ झाले. दोन्ही बाळंतपणांत आईनं दुधाचा थेंब घेतला नाही आणि भाऊ मात्र तिच्या अंगावर पिऊन धष्टपुष्ट झाले. आत्या माहेरी आली की आईचा काळा चहा बघायची. एकदाही म्हणाली नाही, की वहिनी, झालं गेलं, घे आता दूध.

डॉक्टरीण हे सगळं ऐकत होती. मग तिनं आजीबद्दल विचारलं. बाळंतपणं किती झाली होती? पाठीत वाकली होती का? मी म्हटलं, नऊ बाळंतपणं, पाळी चाळिशीच्या आतच गेलेली आणि शेवटी शेवटी तर इतकी वाकलेली की लुगडं जमिनीवर लोळायचं. घरातले म्हणायचे, म्हातारीला नेसायचं भान राहिलं नाही.

ती म्हणाली, "पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं झिजतात. त्यात दूध नाही, इतकी बाळंतपणं... तुमच्या आजीचं हाड आधीच पोकळ झालेलं असणार. कधी कधी तर हाड उभ्या उभ्या मोडतं आणि माणूस नंतर पडतं."

आई तोवर छताकडे बघत पडली होती. तिनं मान वळवली.

"तसंच झालं व्हतं," ती म्हणाली. "सारोन तं कवाचंच सुकलं व्हतं. सासूबाई नुसत्या उभ्या व्हत्या. कडकन वाजलं, न् मंग पडल्या."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंस गं?"

"कोनाले सांगू? मले वाटलं, मलेच भास झाला असन. येवढे लोक म्हनतात तं आपलीच चूक असन."

साठ वर्षं... माझी आई साठ वर्षं स्वतःला सासूची मारेकरी समजत होती. आणि त्या न केलेल्या पापाच्या प्रायश्चित्तापायी स्वतःची हाडंही आजीसारखीच करून बसली. मला तिथंच रडू आलं. दुःखापेक्षा संताप जास्त होता, खोटं कशाला बोलू.

परत येताना गाडीत तिला म्हटलं, आता तरी दूध घे. तिनं सीटवर पाठ सावरून घेतली. मग म्हणाली, "घेईन. पन ज्याईनं नाव ठेवलं थे तं सारे मरून गेले, बाई. आता माही चूक नव्हती हे कोनाले सांगशीन?"

मला उत्तर सुचलं नाही. आत्ता सुचतंय.

आमच्या भावकीतली बरीच नातवंडं-पतवंडं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. घरातल्या चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची हाडं तपासून घ्या, त्यांच्या ताटात काय पडतं ते बघा... हे तर आहेच. पण त्याआधी एक वाचा आणि घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

माझ्या आईनं तिच्या सासूला पाडलं नव्हतं.