वाटीत बसतो, पातेल्यात नाही

तुळिंजला माझं आहारसल्ल्याचं छोटं क्लिनिक आहे. एक वजनकाटा, चार खुर्च्या आणि समोरचा माणूस खातो तेवढंच सांगतोय हा विश्वास, एवढंच माझं भांडवल! इतक्या वर्षांत लोकांची वजनं किती उतरली ते विचारू नका, किस्से मात्र पोत्यानं साठलेत. त्यातले निम्मे क्विनोआ नावाच्या एकट्या परदेशी दाण्याचे.

सुरुवात गिरीज गावच्या नानांपासून. नाना म्हणजे केळीची वाडी, पांढऱ्या मिशा आणि चढलेली शुगर. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन महिन्यांत उतरली नाही तर इन्सुलिन." कोयत्यानं बोट कापलं तरी नाना हूं की चूं करायचे नाहीत, पण सुईचं नाव काढलं की घाम! मला खरंच वाईट वाटलं.

मुलानं कुठलासा व्हिडिओ बघून त्यांना क्विनोआचं भलंमोठं पाकीट आणून दिलं होतं.

"पोरी, हा तुझ्या लो-कार्ब डाएटमध्ये बसतो का?"

"नाना, फायबर आणि प्रोटीन भातापेक्षा बरं, पण कार्ब्ज आहेतच. लो-कार्ब नाही म्हणता येणार. छोटी वाटी घ्या, बाकी ताटात भाजी आणि मासे."

"बसतो का नाय, तेवढं सांग!"

"वाटीत बसतो, पातेल्यात नाही!"

*

तुळिंजच्याच सावंतबाई. महिनाभर रोज क्विनोआ खाल्ला आणि वजन दीड किलो वर!

"मॅडम, तुमचा काटा बिघडलाय."

"क्विनोआ कधी खाता?"

"भात झाल्यावर. रिकाम्या पोटी कसा खाणार?"

*

याच बाईंचा एकादशीला सकाळी सकाळी फोन. "क्विनोआ धान्य नाही, बी आहे ना? मग उपासाला चालेल!"

बी आहे, एवढंच मी म्हटलं. बाईंनी बटाटा, दाण्याचं कूट आणि सढळ हातानं तूप घालून त्याची खिचडी केली, फोटोही पाठवला. शेजारी साबुदाणा खिचडीची बशी!

"ही कशाला?"

"अहो, देवाला क्विनोआ माहीत नसला तर?"

*

विरारचा सागर, मुंबईत नोकरी. आला तोच छाती फुगवून. "मॅडम, पाव टोटल बंद!"

"वा! मग नाश्त्याला काय?"

"नुसते वडे."

"किती?"

"पाव नाही ना, म्हणून चार!"

*

तिकडे गिरीजला काकू, म्हणजे नानांच्या सौ., क्विनोआ न धुताच शिजवत होत्या. तसा शिजवला की तो कडू लागतो. मी फोनवर सांगितलं, "काकू, चांगला चोळून धुवा."

काकू कुठल्या ऐकतायत! "कडू हाय म्हणजे गुणाचा हाय. धुवून गुण घालवू?"

*

नानांना मी रोज ताटाचा फोटो पाठवायला लावला होता. वाटी कसली, ताटात क्विनोआचा हा ढीग! बाजूला भाजी आणि माशाची तुकडी. थोड्या वेळानं दुसरा फोटो, ताट लख्ख. नाना जेवायचे मागच्या ओट्यावर, त्यामुळे फोटोच्या कोपऱ्यात एखाद्या कोंबडीची शेपटी हमखास.

मी रोज ओरडायचे, "नाना, ढीग कमी करा, सुई लागेल!" नाना नुसता अंगठा पाठवायचे. शुगरच्या रिपोर्टची धास्ती त्यांच्याइतकीच मलाही होती.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर उतरली! डॉक्टरांनी इन्सुलिनचा विषयही काढला नाही. नाना काकूंना घेऊन थेट क्लिनिकमध्ये, हातात वाडीतल्या केळ्यांची फणी! मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

ते फार टिकलं नाही. नानांनी बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ही पोरगी म्हणे, लो-कार्ब नाय! रोज ढीगभर होता ताटात, आता बघा रिपोर्ट!"

त्यांच्यातच बसलेल्या सावंतबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की भिंतीवरची डिग्री उतरवून ठेवावी की काय, असं मला वाटलं.

नाना विजयी मुद्रेनं रिक्षा बघायला खाली गेले. काकू मागे राहिल्या. खुर्ची पुढे ओढली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या,

"पोरी, यांचं झालं. आता आमच्या कोंबड्यांना कायतरी लिहून दे. तीन महिन्यांत एवढ्या जाड झाल्यात, खुराड्याच्या दारातून आत जाईनात!"