घासलेला पिस्टन

लष्करी लिलावात घेतलेली फटफटी ढकलत जिनदत्त शेठ सांगलीतल्या हरिबाच्या गॅरेजात आले, ते १९४७ च्या उन्हाळ्यात. गाडी लहान, टू-स्ट्रोक. चढावर तिचा जोर जायचा आणि आज तर चालता चालता मागचं चाकच जाम झालं होतं.

हरिबाने किक हाताने दाबली. ती पोकळ लागली. त्याने प्लग काढला. टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण होते. मग सायलेन्सरचा पाइप सोडवून तो भोकातून बॅटरीच्या उजेडात बघू लागला. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि धातू वितळून रिंगेवर सारवल्यासारखा बसला होता.

हरिबा तसाच वाकून राहिला.

"काय दिसलं वो?" शेठनी विचारलं.

"पेट्रोलात ऑइल कमी पडलंय. त्येनं पिस्टन तापून सिलिंडरला धरला हुता. नवा पायजे, पुण्यासनं."

"आठ दिवस जातील की! घासून द्या आज. मला मिरजेला जायचंय."

घासून. हेच लढाईत, इटलीत असताना सुभेदार म्हणाले होते. तेव्हा हरिबा पलटणीत फिटर होता. निरोप्या ज्योतिबाची गाडी अशीच उघडून पुढ्यात पडली होती, आणि असेच ओरखडे होते. नवा पिस्टन नव्हता. हरिबाने पॉलिश पेपरने ओरखडे घासले, इंजिन जोडलं आणि म्हणाला, "जा गड्या, काय हुत न्हाई." ज्योतिबा हसून गेला. दोन मैलांवर, नदीकडच्या उतारावर, चाक जाम होऊन गाडी दरीत गेली. ते इंजिन हरिबानेच पुन्हा उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. कागदावर मात्र लिहिलं गेलं, 'रस्ता निसरडा.' हरिबा गप्प राहिला.

तेव्हापासून रस्त्यावरून फटफटी गेली की तिचा आवाज पार विरेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. बायको, मनुबाई, ताट झाकून बसून राही. तिलाही त्याने कारण सांगितलं नव्हतं.

"शेठ, घासलेल्या पिस्टनवर मी एक माणूस मारलाय," हरिबा म्हणाला, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

शेठ शेजारच्या लाकडी पेटीवर टेकले. मग हळूच म्हणाले, "त्याच्या घरी कोण हाय?"

"आई. वाईला."

"तिला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगताय?"

पुण्याहून पिस्टन आला. शेठची गाडी नीट करून दिल्यावर हरिबा मोटारीने वाईला गेला. ज्योतिबाची आई बनुबाई दारात शेंगा फोडत होती. भर दुपारी तिच्यासमोर उकिडवा बसून त्याने सारं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"रस्ता वला हुता म्हणाले हुते," ती म्हणाली.

"रस्ता कोरडा हुता, आई. चूक माजी."

"अग्नी कुठं दिला?"

"तितंच. नदीच्या काठाला."

"नदीचं नाव काय?"

"सँग्रो."

तिला ते जमेना. "सांगरू," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, जिभेवर बसवून घेतल्यासारखं, "सांगरू."

हरिबाने पाया पडायला हात पुढे केले. तिने पाय मागे घेतले.

"आता जा तू," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.