टाचेतलं धसकट

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी एका जखमेपायी मरता मरता वाचले. जखम म्हणजे काय, तर गव्हाच्या दाण्याएवढं भोक. आज हे सांगते तेव्हा नातवंडं हसतात. मला हसू येत नाही. त्या तीन दिवसांची भीती मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि त्यातली निम्मी माझ्या मूर्खपणाची कमाई होती, हेही आठवतं.

आदल्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस तो अंथरुणाला खिळून होता. सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, सासरे कधीचेच वारलेले. त्यांनी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबाला नवस बोलला, की पोरगा उठला तर सून वडनेरहून अनवाणी चालत येईल आणि टेकडी चढेल. नवस त्यांचा, पाय माझे. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा सुनांना विचारायची पद्धतही नव्हती.

कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या कापल्या गेल्या, तसे आम्ही निघालो. बैलगाडीत सासूबाई, गाडी हाकायला घरचा म्हातारा गडी, आणि गाडीमागून मी. नवरा घरी गुरांपाशी राहिला. तीन दिवसांची वाट होती, मुक्काम नात्यातल्या गावी. निघताना शेजारच्या बाईनं मला कुंकू लावलं आणि वर अक्कलही शिकवली, "वाटेत रगत नोको सांडू देजो, बाई. रगत सांडलं का नवस उलटते."

पहिल्याच दुपारी एका वावरातून जाताना पऱ्हाटीचं धसकट माझ्या टाचेत घुसलं. झाड कापल्यावर जमिनीत जो तिरपा, टोकदार बुडखा उरतो तो. मी पाय ओढून घेतला. रक्त आलं. फार नाही, पण आलं. गाडी पुढे गेली होती, कोणी पाहिलं नाही. मी घाईघाईनं त्या रक्तावर माती लोटली. पाय दुखतोय हे मला कळलंसुद्धा नाही. आता नवरा मरणार आणि माझ्यामुळे मरणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पुढे एका विहिरीवर बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली. मी हळूच गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यात बोट घातलं. त्यात ओंगण होतं. एरंडीच्या तेलात काजळी कालवून केलेलं, चाकाच्या आसाला लावायचं काळंभोर वंगण. आमच्याकडे बैलाच्या खांद्याला आणि माणसाच्या कापलेल्या बोटाला तेच लावत. मी गाडीतल्या गादीच्या फाटक्या कोपऱ्यातून कापूस ओढला, ओंगणात भिजवला आणि काडीनं त्या भोकात ठासला. चार हातांवर विहिरीचं गार, स्वच्छ पाणी होतं. ते पायावर ओतायचं मला सुचलं नाही. जखमेला पाणी लागलं की ती चिघळते, अशी आम्हा सगळ्यांची ठाम समजूत. रक्त थांबलं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी टाच ठणकायला लागली. त्या काळ्या बोळ्याखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि मला पाहायचंही नव्हतं. मग माहेरची एक शेजारीण आठवली. मी नऊ-दहा वर्षांची असताना तिच्या पायात खिळा गेला होता. आठवड्याभरानं तिची दातखीळ बसली. पाणी पाजायला दातांत चमचा शिरेना. पाठ उचलली जायची, डोळे मात्र सगळं पाहत असायचे. लोक म्हणाले, धनुर्वात. मी दारातून पाहिलं होतं. आता भर उन्हात ते सगळं डोळ्यांपुढे आलं. तेव्हापासून दर शंभर पावलांनी मी जबडा उघडून पाहू लागले. उघडतोय ना? उघडतोय. की परत शंभर पावलं.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांचा वचक असा, की त्या दिसल्या की गडी ओढत असलेली बिडी विझवायचा.

"तोंड काऊन वासून राह्यली वं घडोघडी? माशी जाईन ना आत!"

"काई नाई, आत्याबाई. जांभई येते."

"आन लंगडून काऊन राह्यली?"

"खडा रुतला."

 मी मान खाली घालून चालत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जांघेत गाठ आली. पायाच्या जखमेपायी येते ती, अवधाण. अंगात ताप भरला. थंडीनं दात वाजत होते, आणि दात वाजले की वाटायचं, झालं, बसली दातखीळ. घोट्यावरून एक लाल रेघ वर चढत होती. मी लुगडं खाली ओढून ती झाकली. एकदा टेकडी चढू, मग मेलं तरी चालेल, असं मनाशी म्हणत होते. पण ते खरं नव्हतं. मी सतरा वर्षांची होते. मला मरायचं नव्हतं.

गिरडची टेकडी समोर दिसली आणि मी मटकन खाली बसले. उठता येईना. सासूबाई गाडीतून उतरल्या. काही न विचारता त्यांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. सुनेचा पाय सासूच्या मांडीवर! मी ओढून घ्यायला लागले तर त्यांनी घोटा घट्ट धरला आणि तो काळा बोळा उपसून काढला. मागोमाग पू आला. त्या वासानं मीच तोंड फिरवलं.

"कधीचं हाय?"

"परवाचं. रगत सांडलं, आत्याबाई. मी झाकलं." आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

त्या उठल्या. त्यांनी एकदा टेकडीकडे पाहिलं. मग गड्याला म्हणाल्या, "गाडी फिरव. हिंगणघाटले, दवाखान्यात."

गडी चरकला. "बाई, इथवर येऊन? अर्धा कोस नाई राह्यला. सूनबाईले उचलून नेऊ वरतं. नवस तं फिटन."

"फिरव म्हणलं ना! नवस मी बोलली. बाबापाशी काय सांगाचं ते मी सांगीन."

वाटेत एका ओळखीच्या गावी बैल बदलले. दिवसभर माझा पाय त्यांच्या मांडीवर होता. एकदा त्यांनी विचारलं, "जांभया नोहत्या ना त्या?" मी मान हलवली. मग त्या स्वतःच थोड्या थोड्या वेळानं म्हणू लागल्या, "उघड तोंड." मी उघडायची. त्या पाहायच्या आणि पदरानं स्वतःचा घाम पुसायच्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय लाल औषधाच्या कोमट पाण्यात बुडवला, टाच चिरली, आतून धसकटाचं कुसळ आणि कापसाचे तंतू काढले. एक सुई धनुर्वाताची, एक पेनिसिलिनची. मग माझ्यावर खेकसले, "ज्या हातानं ते शेणाधुळीत लोळलेलं वंगण भरलं, त्याच हातानं साबण-पाणी लावलं असतं, तर इथं यावं लागलं नसतं." पंधरा दिवस मी जबडा तपासत होते. तो उघडत राहिला. पाय भरून आला.

घरी मात्र सासूबाईंनी सांगितलं, नवस फिटला. माझा पाय वाटेत दुखावला, एवढंच. मुलालाही तेच. गावात रेवड्या वाटल्या. खरं काय ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि गड्याला त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला पुन्हा ताप आला. तो साधा हिवताप निघाला आणि चौथ्या दिवशी उतरला. पण तापाच्या दुसऱ्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? तो अंथरुणात कण्हत होता आणि मी चुलीपुढे बसून पेज ढवळत होते. मागे सासूबाईंची पावलं वाजली. मी वळले नाही. आता त्या ते बोलणार होत्या. तुझ्या पायापायी नवस राहिला, माझं पोरगं चाललं, असं म्हणणार होत्या, आणि ते मला पटलं असतं. त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी माझा हात मनगटाजवळ धरला.

"मले भेव वाटून राह्यलं वं, पोरी," त्या म्हणाल्या. "तू इथंच बस माह्यापाशी."